दोन भाषा, एक आठवण

घरातली कामं आवरता आवरता ऐकत असाल, तर हातातलं काम तसंच चालू द्या. फक्त कान इकडे द्या, कारण सुरुवातीलाच एक छोटा खेळ खेळायचा आहे. आम्ही बारा शब्द सांगणार आहोत. लिहून घ्यायचे नाहीत, नुसते ऐकायचे. मासिकात वाचत असाल, तर एकदाच वाचा आणि पुढे चला, मागे वळून बघायचं नाही.

गादी, उशी, चादर, रात्र, अंगाई, पाळणा, स्वप्न, जांभई, घोरणं, डुलकी, खाट, पांघरूण.

झाले बारा. ते तसेच मनात राहू द्या. थोड्या वेळाने विचारू.

आजचा विषय आहे आठवण. नेमकं सांगायचं तर, न घडलेली गोष्ट घडल्यासारखी आठवणं आणि त्यात आपल्या दोन-दोन, तीन-तीन भाषांचा काय हात असतो, हा. बचत गटाच्या कार्यक्रमात हा विषय कशाला, असं वाटेल. पण गटांच्या समन्वयक म्हणून आम्ही गावोगावी बैठकांना बसतो, तेव्हा निम्मी भांडणं पैशाची नसतात, ती आठवणीची असतात. “तू असं म्हणाली होतीस.” “मी असं म्हणालेच नाही.” मग एकीवर खोटारडी म्हणून शिक्का बसतो. ती खोटं बोलत नसेल, तरीही बसतो. आणि ज्या बाईची घरची भाषा वेगळी असते, तिच्यावर तो जरा लवकरच बसतो. म्हणून हे बोलायचं.

आपली एक समजूत असते की आठवण म्हणजे फोटो. एकदा काढला की पेटीत पडून राहतो, हवा तेव्हा काढून बघायचा. प्रत्यक्षात आठवण गोधडीसारखी असते. आपण आठवायला बसतो तेव्हा मन तुकडे गोळा करतं. पाहिलेलं थोडं, नंतर कोणीतरी सांगितलेलं थोडं, “असंच असणार” म्हणून आपणच धरलेलं थोडं. हे सगळं एकत्र शिवलं जातं. शिवण इतकी सफाईदार असते की कोणता तुकडा कुठून आला, ते आपलं आपल्यालाच कळत नाही.

आता मघाचा खेळ. आम्ही चार शब्द विचारतो. प्रत्येक शब्द यादीत होता की नव्हता, एवढंच मनात सांगा. उशी? खुरपं? झोप? चादर?

उशी आणि चादर होते. खुरपं नव्हतं, ते सगळ्यांनी ओळखलं असेल. आणि झोप? तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी “होता की” म्हटलं असेल. मैत्रिणींनो, झोप हा शब्द यादीत नव्हता. बाराही शब्द त्याच्याभोवतीचे होते, तो स्वतः नव्हता.

हा खेळ आमच्या मनचा नाही. जेम्स डीस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली अशा याद्या वापरल्या होत्या. पुढे १९९५ साली हेन्री रोडिगर आणि कॅथलीन मॅकडरमॉट यांनी त्यावर नव्याने प्रयोग केले. त्यांच्या पहिल्या प्रयोगात, यादीत नसलेला तो मधला शब्द लोकांनी सुमारे ४० टक्के वेळा “ऐकला” म्हणून सांगितला. ही सगळी तरुण, शिकलेली कॉलेजची मुलं होती. कोणी त्यांना फसवत नव्हतं, कोणी खोटंही बोलत नव्हतं. मनात शब्द एकेकटे राहत नाहीत, ते एकमेकांना धरून राहतात. गादी हलली की उशी हलते, उशी हलली की झोप हलते. बारा वेळा हललेली झोप शेवटी ऐकल्यासारखीच वाटते.

खोटं बोलणं वेगळं आणि चुकीचं आठवणं वेगळं, ते यासाठी. खोटं बोलणाऱ्या बाईला खरं काय ते माहीत असतं. चुकीचं आठवणाऱ्या बाईला आपली आठवणच खरी वाटत असते. ती देवाची शपथ घेऊन सांगेल, डोळ्यांत पाणी आणून सांगेल, आणि तरीही गोष्ट तशी घडलेली नसेल.

आता यात भाषा कुठे येते ते पाहू.

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात शंभरातल्या सुमारे २६ माणसांना दोन किंवा अधिक भाषा येतात. आपल्या महाराष्ट्रातच बघा. मेळघाटात घरी कोरकू आणि बाजारात हिंदी-मराठी. नंदुरबारकडे भिली, पावरी. गडचिरोलीत गोंडी. सोलापुरात एकाच गल्लीत तेलुगू, कन्नड, मराठी आणि उर्दू. आपल्या कितीतरी मैत्रिणी माहेरच्या भाषेत विचार करतात, सासरच्या भाषेत संसार करतात आणि बँकेत गेल्या की तिसऱ्याच भाषेतल्या कागदावर सही करतात.

मघाच्या यादीचा प्रयोग दोन भाषा येणाऱ्या लोकांवरही झाला आहे. अमेरिकेत इंग्रजी आणि स्पॅनिश या दोन्ही भाषा येणाऱ्यांना एका भाषेत यादी ऐकवली आणि दुसऱ्या भाषेत विचारलं. तिथेही तो न ऐकलेला शब्द आलाच. म्हणजे चुकीची आठवण भाषेची हद्द ओलांडून जाते. कारण सोपं आहे. शब्द दोन भाषांतले असले, तरी त्यांच्या तळाशी अर्थ एकच असतो. उशी म्हणा नाहीतर तकिया म्हणा, मनात झोपच हलते.

अर्थ टिकतो आणि शब्द जातात, हे तर एकाच भाषेतसुद्धा घडतं. जॅकलिन सॅक्स या संशोधिकेने १९६७ साली हे दाखवून दिलं. लोकांना एक मजकूर ऐकवला आणि त्यातलं एक वाक्य थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. अर्थ बदलला असेल तर लोकांच्या लगेच लक्षात यायचं. पण अर्थ तोच ठेवून नुसती मांडणी बदलली, तर मध्ये थोडा मजकूर गेल्यावर ते फारसं कोणाच्या लक्षात येईना. म्हणून “तिचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात” असं कोणी म्हटलं, की आपण जरा थांबायचं. आठवतो तो बहुतेक वेळा आपल्याला लागलेला अर्थ. आणि दोन भाषांच्या मध्ये हा अर्थच कधीकधी घसरतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, गटातली हिंदी बोलणारी एक ताई म्हणाली, “मैं आई तब पेटी खाली थी.” तिला म्हणायचं होतं की पेटीत काही नव्हतं. मराठी मैत्रिणीने ऐकलं, पेटी खाली होती, म्हणजे कपाटात नव्हती, जमिनीवर होती. महिन्याभराने पैशांची चौकशी लागली, तेव्हा ही मराठी मैत्रीण काय सांगेल? “तीच म्हणाली होती, पेटी खाली जमिनीवर काढून ठेवलेली होती.” ऐकलेला शब्द एकच, पण आठवणी दोन झाल्या. एकीची पेटी रिकामी आहे, दुसरीची पेटी जमिनीवर आहे. दोघीही खरं सांगतायत आणि गट मात्र फुटायला आला.

तसंच उसने आणि उधार. आपल्याकडे उसने पैसे म्हणजे हातउसने, चार दिवसांत जसेच्या तसे परत, त्यावर व्याजाची भाषा नसते. उधारी म्हटली की दुकान आठवतं. कर्ज म्हटलं की व्याज आलं. हिंदीत बाई “उधार” एवढंच म्हणते आणि त्यात हातउसनेही येतात, कर्जही येतं. वर्षभराने व्याज ठरलं होतं की नव्हतं, यावर दोघींच्या आठवणी वेगळ्या निघाल्या, तर त्यात आश्चर्य ते काय?

आता दुसरी बाजू. भाषा बदलल्यामुळे आठवण नुसती चुकते असं नाही, काही वेळा ती उघडतेसुद्धा. व्हिओरिका मारियन आणि उलरिक नाइसर या दोन अभ्यासकांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपण रशियन भाषेत गेलेले आणि पुढे अमेरिकेत येऊन राहिलेले तरुण त्यांनी निवडले. त्यांना एकेक शब्द द्यायचा आणि त्यावरून आयुष्यातला एखादा प्रसंग सांगायला लावायचं. काही शब्द रशियनमधून, काही इंग्रजीतून. रशियनमध्ये विचारलं की रशियन बोलण्याच्या काळातले प्रसंग जास्त आठवायचे, इंग्रजीत विचारलं की अमेरिकेतले. माणूस तोच, पण ज्या भाषेत विचारलं त्या भाषेतलं आयुष्य आधी वर आलं.

पुढे मारियन आणि मार्गारिटा कौशान्स्काया यांनी चिनी आणि इंग्रजी येणाऱ्यांना एक प्रश्न विचारला. हात वर करून दूरवर पाहणारा पुतळा कोणाचा, सांगा. इंग्रजीत विचारलं की स्वातंत्र्यदेवीचा पुतळा जास्त आठवायचा, चिनीत विचारलं की माओंचा. दोन्ही उत्तरं बरोबरच होती.

आता हेच आपल्या बैठकीत आणून बघू. समजा, सीमेपलीकडून लग्न होऊन आलेली एक कन्नड बोलणारी सून आहे. दोन हजार रुपये कधी आणि कोणाकडे दिले, असं तिला भर बैठकीत मराठीत विचारलं. ती अडखळली. “सचिवताईंकडे दिले” एवढंच म्हणाली. रात्री फोनवर बहिणीशी कन्नडमध्ये बोलताना तिला सगळं आठवलं. पाऊस होता, सचिवताई घरी नव्हत्या, पैसे त्यांच्या सासूबाईंच्या हातात दिले होते. दुसऱ्या दिवशी तिने ते सांगितलं. बैठक काय म्हणते? “काल एक सांगितलं, आज एक सांगते. घरी जाऊन रचून आली.”

मैत्रिणींनो, दोन भाषांत दोन वेळा विचारल्यावर तपशील कमी-जास्त होणं हा खोटेपणाचा पुरावा नाही. याचा अर्थ असाही नाही की दुसऱ्या दिवशी आठवलेलं सगळं खरंच असणार. मघाशी पाहिलंच की मन न ऐकलेली झोप ऐकते. अर्थ एवढाच, की दोन जबाबांत फरक दिसला म्हणून लगेच निवाडा करायचा नाही. सासूबाईंना विचारायचं, पासबुक बघायचं, वही बघायची.

प्रश्न कसा विचारला यानेही आठवण बदलते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. ५० जणांना विचारलं, “गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा वेग किती होता?” दुसऱ्या ५० जणांना विचारलं, “गाड्या आदळून चुराडा झाला तेव्हा वेग किती होता?” आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? चित्रफितीत काच फुटलेली नव्हतीच. “धडकल्या” ऐकलेल्यांपैकी ७ जणांना ती दिसली होती. “चुराडा” ऐकलेल्यांपैकी १६ जणांना दिसली होती. प्रश्नातल्या एका शब्दाने आठवडाभरात काच फोडली.

आता हा शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना मध्ये दुभाषी असेल, तर त्याच्या हातात किती ताकद असते ते बघा. मूळ प्रश्न “धडकल्या”चा असेल आणि त्याने सहज “चुराडा” म्हटलं, तर उत्तर देणाऱ्या बाईच्या आठवणीत काच फुटते आणि ती कोणी फोडली हे कोणालाच कळत नाही.

भाषेची स्वतःची घडणही यात असते. मराठीत आपण म्हणतो, “कपबशी फुटली.” किंवा “तिच्या हातून कपबशी फुटली.” किंवा “तिने कपबशी फोडली.” तीन वाक्यांत तीन वेगळे न्याय आहेत. पहिल्यात कोणाचा दोष नाही, दुसऱ्यात चुकून झालं, तिसऱ्यात ठपका. इंग्रजीत मात्र चुकून झालं तरी बहुधा “तिने फोडली” अशाच धाटणीने बोलतात. स्पॅनिशमध्ये चुकून झालेल्या गोष्टीला “फुटली” म्हणण्याची पद्धत जास्त. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की यांनी २०११ साली या दोन भाषा बोलणाऱ्यांची तुलना प्रसिद्ध केली. मुद्दाम केलेली गोष्ट कोणी केली, हे दोघांनाही सारखंच आठवलं. पण चुकून घडलेली गोष्ट कोणाच्या हातून घडली, हे इंग्रजी बोलणाऱ्यांना जास्त नीट आठवलं. आपण ज्या पद्धतीने बोलतो, त्या पद्धतीने आपलं लक्ष जातं, आणि लक्ष जातं तेच नीट आठवतं.

म्हणून वहीत लिहिताना “पावती हरवली”, “पावती हिच्या हातून हरवली” आणि “पावती हिने हरवली” यांत फरक करायलाच हवा. सहा महिन्यांनी सगळ्यांना वहीतलं वाक्यच आठवणार आहे.

इथे एक गैरसमजही दूर करू. काहींना वाटतं, परक्या भाषेत बोलणाऱ्याची आठवण कच्चीच असणार. तसं नाही. शिकागो विद्यापीठातल्या बोआझ केसार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनी मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी नंतर शिकलेल्या लोकांवर प्रयोग केले. एक घटना दाखवून नंतर तिचं वर्णन ऐकवलं आणि त्यात मुद्दाम काही चुकीचे तपशील घातले. हे वर्णन मातृभाषेत ऐकलं, तेव्हा लोक त्या चुकीच्या तपशिलांना जास्त फसले. इंग्रजीत ऐकलं, तेव्हा कमी फसले. त्याचं कारण त्यांनी असं दिलं आहे की परक्या भाषेत माणूस जरा सावध असतो, ऐकलेलं पारखून घेतो. आपल्या भाषेतलं बोलणं मात्र लोण्यासारखं आत जातं.

मग मातृभाषा चांगली की परकी? दोन्हींचं काम वेगळं आहे. मातृभाषेत आठवणीचं दार मोठं उघडतं, पण त्याच दारातून ऐकीव गोष्टीही आत येतात. परक्या भाषेत आपण सावध असतो, पण भाषा कच्ची असेल तर नुसतं “हो, हो” म्हणून मोकळं होतो. म्हणून बाईला तिच्या भाषेत सांगू द्यावं, आणि सांगून झाल्यावर शांतपणे तपासून घ्यावं. हे दोन्ही करावं लागतं.

आता कामाच्या गोष्टी. गटात, घरात आणि कचेरीत एवढं पाळता येईल.

पहिली गोष्ट, पैसे आणि शब्द दोन्ही त्याच बैठकीत लिहायचे. नियमित आणि पूर्ण लेखे ही गटाच्या पंचसूत्रीतलीच गोष्ट आहे. रक्कम, तारीख, व्याज, परतफेडीचा दिवस. “परवा देते” असं लिहायचं नाही, कारण आपल्या भाषेत परवा मागेही असतो आणि पुढेही. तारीखच लिहायची.

दुसरी, ठराव लिहून झाला की मोठ्याने वाचायचा. गटात दुसरी भाषा बोलणारी ताई असेल तर तिच्या भाषेत समजावायचा आणि तिलाच विचारायचं, “ताई, काय ठरलं ते तुझ्या शब्दांत सांग.” तिने सांगितलेलं जुळलं की मगच सही किंवा अंगठा.

तिसरी, वाद झाला तर आधी सगळ्यांनी मिळून चर्चा करायची नाही. जिने पाहिलं तिला एकटीला, लवकर, तिच्या भाषेत विचारायचं. दहा जणींनी दहा वेळा बोललेली गोष्ट अकरावीला पाहिल्यासारखी वाटू लागते.

चौथी, प्रश्न मोकळा विचारायचा. “काय झालं ते सांग” असं म्हणायचं. “तिने पैसे घेतले तेव्हा तू कुठे होतीस?” असं विचारलं, तर प्रश्नातच निकाल आला. लहान मुलांना विचारताना तर हे फारच जपायचं, कारण मोठी माणसं वारंवार विचारतायत म्हणजे तसंच असेल, असं पोरांना वाटतं.

पाचवी, दुभाष्याला सांगायचं की बाई बोलली तेवढंच सांगा, तुमच्या पदरचं घालू नका. वादातल्याच घरातला माणूस दुभाषी म्हणून घ्यायचा नाही. नवऱ्याविरुद्ध तक्रार आणि दुभाषी दीर, असं होऊ द्यायचं नाही.

सहावी, पोलीस ठाण्यात तोंडी तक्रार दिली की ती लिहून घेऊन वाचून दाखवली पाहिजे आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळाली पाहिजे, असं कायदा सांगतो. वाचलेलं कळलं नाही, तर सही करण्याआधी “मला माझ्या भाषेत समजावून सांगा” म्हणायचं. त्यात लाजायचं काही नाही. दवाखान्यात आजाराची हकीकत सांगतानाही तसंच. दुखणं ज्या भाषेत दुखतं, त्याच भाषेत आधी सांगावं.

मैत्रिणींनो, आपल्या आठवणीवर विश्वास ठेवू नका, असं आम्ही म्हणत नाही. आठवणीवरच तर संसार चालतो. म्हणणं एवढंच, की आपली आठवण आपल्याला पक्की वाटते तशीच समोरचीलाही तिची वाटते. तिची भाषा वेगळी असेल, तर तिच्याकडची गोष्ट आपल्यापर्यंत दोन दारं ओलांडून येते. वाटेत काही सांडलं असेल, काही मिसळलं असेल. तेवढ्यावरून तिला खोटारडी ठरवण्याआधी वही उघडा, आणि तिला तिच्या भाषेत पुन्हा एकदा विचारा.

पुढच्या बैठकीत मघाचा बारा शब्दांचा खेळ नक्की खेळा. किती जणींना झोप ऐकू आली ते मोजा. एकदा सगळ्या मिळून हसलात, की पुढचं भांडण जरा समजुतीने होईल.